स्वर्गवासी सदस्य

आमच्या वऱ्हाडात भूगोलाच्या प्राध्यापकांची एक परिषद आहे, आणि त्या परिषदेचं सगळं जुनं दप्तर एका मेलेल्या माणसाच्या ताब्यात आहे. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. इतिवृत्तात तशी नोंद आहे. दुखवट्याचा ठराव झाला, सभागृहानं दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, आणि कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. त्यामुळे कागदोपत्री गावंडे सर वारलेले आहेत. प्रत्यक्षात ते अमरावतीत आपल्या घरी असतात, स्वतःची कणीक स्वतः मळतात आणि फोन उचलून म्हणतात, "बोला, स्वर्गवासी गावंडे बोलून राहिलो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कॉलेजात, एका शोकसभेत. सगळे दोन मिनिटं उभे राहिले, सगळे बसले, आणि पुढच्या रांगेतले एक उंच, वाळकेसे म्हातारे गृहस्थ तसेच उभे राहिले. मान खाली, हात पुढे जुळवलेले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सर, बसा आता." तरी नाहीच. बऱ्याच वेळानं बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "घड्याळ मांगं हाय माहं." शेजारचे प्राध्यापक हसले. "स्वर्गातली वेळ वेगळी असते म्हणा की, गावंडे!" सरही हसले. हे दर वेळी होतं, असं मला नंतर कळलं. इतकी वर्षं घड्याळ मागं असेल तर माणूस ते दुरुस्त का करत नाही, असं मला ते कळल्यावर वाटलं होतं. पण मी कुणाला विचारलं नाही. मी तेव्हा कुणाला काहीच विचारत नसे.

परिषदेचा सुवर्णमहोत्सव आला. तिचा इतिहास ग्रंथरूपानं छापायचं ठरलं आणि आमच्या विभागानं टायपिंगसाठी मला सरांकडे पाठवलं. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. माझी मराठी टायपिंगची परीक्षा झालेली होती, ही माझी एकमेव लायकी. माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत. आमच्या घरी कागद म्हणजे रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि माझ्या गुणपत्रिका, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. जुने कागद सांभाळायला अख्खी खोली लागते हे मला माहीतच नव्हतं.

मी दारात चपला हातात घेऊन उभी राहिले.

"सर, मला विभागातून पाठवलंय. ग्रंथासाठी."

"गाव कोनतं?"

"भातकुली तालुक्यातलं आहे, सर."

"मंग तिथं काहून उभी? तुही जागा तिकडं हाय." त्यांनी पूर्वेच्या भिंतीजवळच्या एका स्टुलाकडे बोट दाखवलं.

मी घाबरत जाऊन बसले. मग कळलं की ती खोली म्हणजे नकाशा होता. पूर्वेचं कपाट अमरावती, पश्चिमेचं कपाट अकोला. ज्या गावात अधिवेशन झालं त्याचे कागद त्या दिशेला. मधलं टेबल मूर्तिजापूर. उत्तरेच्या भिंतीवरचा माळा म्हणजे सेमाडोह. तिथं जुने बिल्ले आणि अधिवेशनांत वाटलेल्या कापडी पिशव्या होत्या. आणि अमरावतीच्या कपाटाला लागून, जरासं अकोल्याच्या बाजूला ठेवलेलं ते स्टूल म्हणजे भातकुली. सर अगदी सहज म्हणत, "अकोल्यातून ते हिरवी फाइल आन," किंवा "मूर्तिजापुरात चहा ठेवू नको, तिथं पंखा लागते, सांडन." एकदा मी कातर शोधत होते तर म्हणाले, "सेमाडोहात गेली असन. तिथं गेलेलं लवकर खाली येत नाई." मी कॉलेजात कुठंही बसले तरी चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखं वाटायचं. त्या खोलीत मात्र पहिल्याच दिवशी मला माझी जागा मिळाली, तीही दिशेसकट.

सरांची लोखंडाशी दुश्मनी होती. कागदाला टाचणी किंवा स्टेपलची पिन दिसली की त्यांचे डोळे बारीक होत. "लोखंड अन् कागद यायचं जमत नाई. पयले गळाभेट, मंग गंज." ते एका चपट्या सुरीनं पिन काढत आणि कागद सुती दोऱ्यानं शिवत. शेजारचे काका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, तर सरांनी आधी पत्रिकेची पिन काढली आणि मग विचारलं, "कोनाचं लग्न?" माझ्या हॉलतिकिटाचीसुद्धा पिन त्यांनी काढली. परीक्षेत पर्यवेक्षकांनी विचारलं, हे शिवलं कुणी? मी म्हणाले, आमच्या सरांनी. ते माझ्याकडे बघतच राहिले.

त्यांचा आवडता शब्द होता "नोंद घेतली." दूधवाला म्हणाला, उद्या येणार नाही, की "नोंद घेतली." शेजारीण म्हणाली, सर, तुमच्या झाडाचा पाला आमच्या अंगणात पडतो, की "नोंद घेतली." पाला पडतच राही. आणि त्यांचा नावडता शब्द होता "सर्वानुमते." जुन्या इतिवृत्तांत पानोपानी 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' असं असे, आणि सरांनी अशा पानांना पातळ कागदाच्या चिठ्ठ्या शिवल्या होत्या. त्यांवर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: 'प्रत्यक्षात भांडण झाले. दोघे न जेवता गेले.' किंवा: 'वीज गेली म्हणून मंजूर.' मी टाइप करता करता हसायचे. सर म्हणायचे, "हसू नको, इतिहास हाय." आणि मग स्वतःच हसायचे.

परत आलेल्या निमंत्रणांचा एक गठ्ठा होता. सगळ्या पाकिटांवर पत्ते एकाच अक्षरात, गोल, टपोऱ्या, जांभळ्या शाईतल्या.

"हे कुणाचं अक्षर, सर? किती सुंदर आहे."

"आमच्या घरचं," सर म्हणाले आणि अकोल्याच्या कपाटात काहीतरी शोधू लागले.

काकू वारल्याला बरीच वर्षं झाली होती, एवढं मला माहीत होतं. परिषदेची सगळी निमंत्रणं त्या लिहीत. अमरावतीत बैठक असली की आलेल्यांना त्याच जेवू घालत. जुने सदस्य अजूनही त्यांच्या हातच्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलत. इतिवृत्तांत भाजीचा उल्लेख कुठंही नव्हता; तोसुद्धा एका चिठ्ठीवर होता.

आता सर कसे वारले ते सांगते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते परिषदेला जाईनासे झाले. पत्रांना उत्तरंही देईनात. काकू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या होत्या, पण हे सरांनी कुणाला कळवलं नव्हतं. त्यातच सरांचे वडील वारले. दारात माणसं जमली, तिरडी बांधली जात होती, आणि परिषदेचं एक माणूस एसटीनं त्या रस्त्यावरून चाललं होतं. खिडकीतून त्यानं पाहिलं. पुढं अकोल्याच्या अधिवेशनात दुखवट्याच्या ठरावासाठी नावं विचारली गेली, तेव्हा त्यानं सांगितलं, गावंडे गेले. बरीच वर्षं कुणी पाहिलेलं नव्हतंच. सगळ्यांना ते पटलं.

"कोण होतं सर ते, खिडकीतलं?" मी विचारलं होतं.

"त्याची नोंद नाई."

मला नवल वाटलं. वीज गेल्याची नोंद आहे आणि याची नाही.

पुढच्या अधिवेशनाला सर स्वतः हजर झाले. नावनोंदणीच्या टेबलावरच्या मुलानं सांगितलं, "तुमचं नाव यादीत नाही, सर." मागे उभ्या असलेल्या एका प्राध्यापकांच्या हातातला चहा सांडला. ठराव रद्द करू, असं सगळे म्हणाले. सरांनी नकार दिला. इतिवृत्त कायम झालं म्हणजे झालं, खाडाखोड करायची नाही. आणि मग त्यांनी दप्तर मागितलं. मला ते नेहमी समजावून सांगत, "पाह्य, मेलेल्या मानसाले निवडनूक लढता येत नाई. त्याले पद नको, मान नको. त्याले कोनाचा राग येत नाई. दप्तर सांभाळाले याच्याहून बरा मानूस कोनता?"

त्यांनी एक प्रथाही सुरू केली. नियमाप्रमाणे दुखवट्याच्या ठरावाची प्रत घरच्यांना पोस्टानं जात असे. सर ती स्वतः नेऊन देऊ लागले. "एकडाव पोस्टानं पाठवली होती. काय झालं ठाऊक हाय नं?" सोबत जायला सहसा कुणी तयार नसे. एके दिवशी मी गेले.

मूर्तिजापूरपासून आत एक गाव आहे. तिथले खंडारे सर, जुने सदस्य, वारले होते; कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांचा ठराव झाला होता. त्यांचा मुलगा पिठाची गिरणी चालवतो. आम्ही पोचलो तेव्हा गिरणी सुरू होती, बाया डबे घेऊन बसल्या होत्या, मुलाच्या भुवयांवर पीठ होतं.

"कोन पायजे?" तो ओरडला.

"तुमच्या वडिलायचा ठराव आनला," सर ओरडले.

"काय आनलं?"

"ठराव! मशीन बंद कर नं बाप्पा!"

त्यानं पट्टा काढला. गिरणी हळूहळू थांबली, आणि एकदम इतकी शांतता झाली की बायाही बोलायच्या थांबल्या. सर उंबऱ्याशी ताठ उभे राहिले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. सभेत वाचतात तसं, शुद्ध मराठीत, एकही शब्द न गाळता. कै. प्राध्यापक खंडारे यांनी पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचा अनेक वर्षे अभ्यास केला. कोणत्या गावाचे पाणी कोणत्या ऋतूत किती खारट होते याविषयी त्यांनी परिषदेत निबंध वाचले. त्यांच्या निधनाने परिषदेचा एक निष्ठावंत अभ्यासक हरपला आहे.

मुलगा पिठाच्या हातानं कपाळ धरून उभा होता.

"म्हनून बाबा जिथं जाय तिथं विहिरीचं पानी जिभेवर ठेवे," तो म्हणाला. "लग्नात गेलं तरी. लोक हसत. आमाले वाटे, बुढ्याचं डोकं फिरलं."

"डोकं फिरलं नोतं. काम चालू होतं," सर म्हणाले.

मुलानं हात पुसले, मग पुन्हा पुसले, आणि मगच कागद घेतला. डबेवाल्या बायांपैकी एक म्हातारी उठून उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी अशी गोष्ट आधी कधी पाहिली नव्हती. माझ्या डोक्यात आलं, माझ्या बापानं आयुष्यभर पोती उचलली, त्याच्यासाठी कुणी असा उंबऱ्यात उभा राहून वाचेल का. सरांकडे पाहायची माझी नजर त्या दिवसापासून बदलली. ते मला अंगानं होते त्याहून कितीतरी उंच दिसायला लागले.

परतीच्या एसटीत मी धीर करून विचारलं. सुवर्णमहोत्सवाच्या ग्रंथातून सरांच्या दुखवट्याचा ठराव वगळायचा विचार सचिव करत होते, ही बातमी आमच्यापर्यंत आली होती आणि सर त्या दिवसापासून नीट जेवत नव्हते.

"सर, तो ठराव राहिलाच पाहिजे असं तुम्हाला का वाटतं? तुम्ही तर जिवंत आहात."

सर खिडकीबाहेरच्या तुरीकडे वळले.

"ते प्रत आली नं पोस्टानं," ते म्हणाले, "ते माह्या नावानं नोती. तिच्या नावानं होती. श्रीमती सुमनताई गावंडे यांस. तिले हात उचलता येत नोता, म्हनून मी फोडली. अन् मीच वाचून दाखवली. कै. गावंडे हे मितभाषी, मनमिळाऊ व सदैव हसतमुख होते. तिचं हसनं बंद झालं होतं, पोरी. तोंड वाकडं दिसते म्हनून हसेच ना. त्या दिवशी इतकी हसली का मले वाटलं आता काही होते का काय. म्हने, अवो, मनमिळाऊ? तुमी? कोनाचं लिवलं हे? पुन्हा वाचा. मंग रोजच. औषध घ्याचं नसलं का म्हने, पयले तो ठराव वाचा जी."

मी पण हसले. सरही हसले.

"मंग एक दिवस म्हने, माह्या मांगं मले बी असा एक कराले सांगजा. मी म्हटलं, तू मेंबर नाईस. नियमात बसत नाई."

गाडी गतिरोधकावर आदळली. कंडक्टर कुणावर तरी खेकसला.

"गमतीनं म्हटलं होतं," सर म्हणाले. "ते बी हसली. मंग पुढचं अधिवेशन यायच्या आत गेली."

"सर, आपण आता मांडू या ना ठराव. काकूंसाठी. मी टाइप करते."

"नियमात बसत नाई," सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "दप्तर ज्याच्याकडं, त्यानंच नियम मोडला तं कसं होईन?"

अधिवेशनाच्या आदल्या दुपारी अकोल्यात कार्यकारिणीची बैठक झाली. इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं. सचिव डॉ. राऊत तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. त्यांनी फार नम्रपणे विषय काढला.

"सर, ग्रंथ बाहेर जाणार, विद्यापीठात जाणार. जिवंत सदस्याला श्रद्धांजली छापलेली पाहून लोक हसतील."

"हसू द्या," सर म्हणाले. "त्याच कामाचा हाय तो ठराव."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. माझं पेन कागदावर तसंच थांबलं.

राऊत सर म्हणाले, "आणि सर, माफ करा, पण नियमानं बघितलं तर ठराव कायम असेल तर तुम्हाला इथं बोलता येत नाही. आणि तुम्ही बोलत असाल तर ठराव चुकीचा ठरतो."

सगळे हसले. सरांनी मान हलवली. "मुद्दा बरोबर हाय. मंग मी बोलत नाई." आणि खरंच ते गप्प बसले. हात मांडीवर, ओठ मिटलेले. आता मत घेतलं की ठराव जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी हात वर करावा असं मला वाटलं, पण मी विद्यार्थिनी होते, मला मत नव्हतं, आणि जे बोलायचं ते सरांनी मला एसटीत सांगितलेलं होतं. ते माझं नव्हतं.

तेव्हा अध्यक्षा काळे मॅडम बोलल्या. त्या मूर्तिजापूरच्या, सरांच्याच वयाच्या.

"एसटीत मी होते," त्या म्हणाल्या.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"खिडकीतून पाहणारी मीच. स्टॉप पुढंच होता. उतरून दोन पावलं मागं आले असते तर गावंडे दारातच दिसले असते. पण मले घरी जायची घाई होती. अन् यांनी इतक्या वर्षांत माझं नाव कुठं लिहिलं नाही. मी दर वेळी चिठ्ठ्या चाळून पाहते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "राऊत, ठराव काढू नका. तो काढला तर आपण कुणाच्या दारात उतरलो नाही, हेही पुसलं जाईल. खाली तळटीप टाका की सदस्य हयात आहेत आणि दप्तर त्यांच्याकडेच आहे."

राऊत सर म्हणाले, "चालेल, मॅडम."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "लिहिलंस का? सर्वानुमते लिहू नकोस. झालं तसं लिही."

मी लिहिलं. सर अजूनही बोलले नव्हते. फक्त खुर्चीतून जरासे वाकून त्यांनी मॅडमच्या समोरच्या कागदांची स्टेपलची पिन काढली आणि खिशातून दोरा काढून ते कागद शिवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिवेशन सुरू झालं. सभागृह भरलेलं होतं. स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मी भिंतीला टेकून उभी होते. पहिला विषय नेहमीप्रमाणे दुखवट्याचा. खंडारे सरांचं नाव वाचलं गेलं, आणखी काही नावं वाचली गेली. सगळे उठले. दोन मिनिटं झाली. खुर्च्या वाजल्या, सगळे बसले, कुणी खाकरलं, कुणी कार्यक्रमपत्रिका उघडली.

सर उभे होते. पुढच्या रांगेत, मान खाली, हात जुळवलेले.

माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती आणि सोबतच्या मुलीनं बसायला खूण केली. मी बसले नाही. भिंतीपासून थोडी पुढं आले आणि हात जुळवले. माझ्या डोळ्यांसमोर जांभळ्या शाईतली ती गोल, टपोरी अक्षरं होती. मागून कुणीतरी म्हणालं, "स्वर्गातली वेळ!" एकदोन जण हसले. व्यासपीठावर काळे मॅडमनी माइक पुढं ओढला नाही. त्या थांबून राहिल्या.

सर बसले, मग मी बसले.

चहाच्या वेळी सर कपबशी घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी चहा बशीत ओतला.

"का वं," ते म्हणाले, "तुहं बी घड्याळ मांगं हाय का?"

कॉलेजात आल्यापासून मी घरचं 'मले-तुले' टाळून 'मला-तुला' फार जपून बोलत आले होते. त्या दिवशी ते राहून गेलं.

"हो जी, सर," मी म्हणाले. "मांगंच हाय."

सरांनी बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला.

"नोंद घेतली," ते म्हणाले.